सायलेन्सरचे स्टड आणि मागचा बोल्ट

स्प्लेंडरचा सायलेन्सर पुढच्या बाजूनं इंजिनाला फक्त दोन स्टडवर धरलेला असतो. स्टड म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेले बिनडोक्याचे बोल्ट, सहा मिली जाडीचे, करंगळीच्या दोन पेरांएवढे. त्यांच्यावर फ्लँज, म्हणजे पाईपाच्या तोंडाशी असलेली भोकांची पट्टी, आणि फ्लँजवर दहाच्या पान्याचे दोन नट, बस्स. यातला एक नट आवळता आवळता टाईट न होता गरगर फिरायला लागला की कुठल्याही गॅरेजमध्ये एकच वाक्य ऐकू येतं, "आटे गेले, हेलिकॉइल मारावी लागेल." हेलिकॉइल म्हणजे आटे गेलेल्या भोकात बसवायची तारेची स्प्रिंग. आणखी घाईतला कुणी असेल तर "वेल्डिंगचा टाका मारून टाकू, परत कटकट नको."

माझं म्हणणं एवढंच आहे की आटे गेले हे निदान नाही, ते लक्षण आहे. कुणाचे गेले, किती गेले आणि का गेले, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय हेडला, म्हणजे इंजिनाच्या ज्या ॲल्युमिनियमच्या भागात हे स्टड रोवलेले असतात त्याला, हात लावू देऊ नका.

मी चिपळूणला मेडिकल स्टोअर चालवतो. गावात मेडिकलवाल्याला सगळे डॉक्टरच म्हणतात, मी खुलासे करणं कधीच सोडलंय. दुकानाची एक १९९९ची स्प्लेंडर आहे. वडिलांनी घेतलेली, आता स्टँडवरून औषधांची खोकी आणायला वापरतो. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा ही गाडी दुकानाबरोबरच बुडाली. त्या पुराबद्दल इथं लिहीत नाही, लिहायला बसलो तर स्टड राहून जाईल. या गोष्टीपुरतं इतकंच, की पाणी ओसरल्यावर गावातल्या सगळ्या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये चिखल बसला होता. प्रत्येक गॅरेजसमोर गाड्यांची रांग. सायलेन्सर उतरवा, आपटा, धुवा, परत चढवा, पुढची गाडी घ्या. त्या गडबडीत कुणाचा नट कुणाला लागला याचा हिशोब कोण ठेवणार? कुणालाही दोष द्यायची ती वेळ नव्हती आणि आजही द्यायचा नाही. पण आमच्या गाडीच्या स्टडची कुंडली तिथूनच सुरू होते.

गाडी त्यानंतर व्यवस्थित चालली. यंदा गणपतीच्या आधी आवाज बदलला. थ्रॉटल सोडला की फट्‌फट्‌, उतारावर जास्त. परशुराम घाटातून उतरताना लोक वळून बघायला लागले. दुकानातला मुलगा म्हणाला, "दादा, सायलेन्सर फुटलाय."

फुटला नव्हता. गाडी पूर्ण थंड असताना चालू करायची, सायलेन्सरच्या मागच्या तोंडाशी जाड फडकं क्षणभर धरायचं आणि पुढं कान द्यायचा. सायलेन्सर शाबूत असेल आणि सांधा गळत असेल तर पुढून फुस्स ऐकू येतं. बॅटरी लावून खाली वाकून पाहिलं तर फ्लँजच्या एका बाजूला काजळीचा काळा पंखा उमटलेला. तिथून वाफ जात होती. थ्रॉटल सोडल्यावर याच फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि पाईपात उरलेलं न जळलेलं पेट्रोल तिथंच भडकतं. फटफट होते ती यामुळं.

दहाचा रिंग पाना घेतला. डावीकडच्या नटावर बसला. उजवीकडच्या नटावर बसेना. अकराचा घेतला, तोही बसेना. बाराचा बसला, पण खुळखुळत. दहाही नाही, अकराही नाही, बाराही नाही, अशा नटाकडे जरा आदरानं बघायचं असतं. तो बहुतेक इंचातला असतो.

नट हातानंच निघाला. आट्यांचं अंतर मोजायचं पिच गेज लावलं तर इंचाला २६ आटे निघाले. पाव इंची, जुन्या ब्रिटिश मापाचा नट. असले नट जुन्या बुलेटच्या डब्यात सापडतात. बुलेट १९५५पासून मद्रासला बनायला लागली तरी तिच्या अंगावर कितीतरी वर्षं इंचातले आटे होते, त्यामुळं जुन्या मेकॅनिककडे दोन्ही मापांचे नट एकाच डब्यात नांदत असतात.

आता ही गंमत नीट बघा, कारण ही चूक सगळ्या महाराष्ट्रभर होत असणार. आपला स्टड सहा मिलीचा, आट्याचं अंतर एक मिलीमीटर. पाव इंची नटाचं भोक ६.३५ मिलीच्या हिशोबाचं, आणि इंचाला २६ म्हणजे आट्याचं अंतर ०.९७७ मिलीमीटर. फरक एका आट्याला तेवीस हजारांश मिलीमीटर. नटात सहा आटे धरले तरी एकूण ०.१४. म्हणजे हा नट सहाच्या स्टडवर अडकत नाही, उलट फार छान, गुळगुळीत चढतो. चढवणाऱ्याला वाटतं, वा, काय मोकळे आटे आहेत. पण तो आट्याच्या नुसत्या टोकांवर टेकलेला असतो, मुळाशी पोचतच नाही. आवळलं की टोकं वाकतात. गाडी थरथरली की ती झिजतात. मग नट थोडा ढिला होतो, कुणीतरी परत आवळतो, परत टोकं झिजतात.

व्हर्नियरनं स्टड मोजला. सहा मिलीच्या चांगल्या स्टडचा बाहेरचा व्यास नेमका सहा कधीच नसतो, ५.८० ते ५.९७च्या मध्ये असतो. माझा नट बसायच्या जागी ५.५ भरला आणि त्याच्या पलीकडे, टोकाला, ५.८८. हे अर्ध्या मिलीहून कमी झिजणं किरकोळ वाटतं ना? नटाच्या आतल्या आट्याचा व्यास साधारण ५.१ असतो. म्हणजे चांगल्या स्टडवर नट प्रत्येक बाजूला सुमारे ०.४ मिलीनं अडकलेला असतो. ५.५च्या स्टडवर तो अडकतो ०.२नं. पकड निम्मी झाली! त्यातून भार सगळ्या आट्यांवर सारखा वाटला जातो असंही नाही. नटाच्या टेकलेल्या बाजूचा पहिलाच आटा एकूण भारातला जवळजवळ एक तृतीयांश उचलतो, मग दुसरा, मग तिसरा. शेवटचे दोघे जवळपास हजेरीपुरते. म्हणून स्टड नेहमी फ्लँजला लागून झिजतो आणि टोकाचे आटे कोरे करकरीत राहतात.

यातच एक सोपी दुरुस्ती लपलेली आहे, जी गॅरेजवाले सहसा सांगत नाहीत. फ्लँज आणि नटाच्या मध्ये तीन-चार मिली जाडीचा वायसर किंवा पाईपचा छोटा तुकडा घालायचा. नट आपोआप पुढं सरकतो आणि न झिजलेल्या आट्यांवर बसतो. स्टड बाहेर पुरेसा लांब हवा एवढीच अट. किंवा उंच नट वापरायचा, म्हणजे तो झिजलेला भाग ओलांडून पुढचे आटे पकडतो. वाटेत, रविवारी, दुकानं बंद असताना हा उपाय फार कामाचा आहे.

डाय, म्हणजे स्टडवर आटे पाडायचं हत्यार, फिरवणं हा दुसरा लाडका उपाय. "डाय मारली, आटे नवे झाले." नवे कुठून होणार? डाय धातू काढते, घालत नाही. आट्यांत गंज असेल, मातीचा थर असेल, एखादा आटा दबून आडवा झाला असेल, तर सहा बाय एकची (व्यास सहा मिली, आट्याचं अंतर एक मिली) डाय फिरवून रस्ता मोकळा होतो, आणि ते करायलाच हवं. पण ५.५चा स्टड डाय फिरवून ५.९चा होत नाही. झिजलेल्या स्टडवर धातू भरायचा, म्हणजे ब्रेझिंग करून किंवा वेल्डिंगनं जाड करून परत लेथवर आटे पाडायचे, हे काम जुन्या जावाच्या किंवा आणखी दुर्मिळ गाडीच्या भागासाठी ठीक, जिथं तो भाग परत मिळणार नाही. वीस-पंचवीस रुपयांच्या स्टडसाठी हा उद्योग कुणी करू नये.

आट्यांत तांब्याच्या वायरची बट घालणं, सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणं, नळाची पांढरी टेप लावणं, हे सगळं मी लोकांना करताना पाहिलंय. तांब्याची बट एकवेळ घरी पोचवेल. ती टेप मात्र सायलेन्सरच्या तोंडाशी जळून जाते. इपॉक्सीचंही तेच. नट ढिला होऊ नये म्हणून लावतात ते लाल-निळे लॉकिंगचे थेंबसुद्धा साधारण दीडशे अंशांच्या पुढं पकड सोडतात, त्यामुळं इथं त्यांचा उपयोग नाही.

आता डावीकडचा स्टड. त्याचा नट बरोबर दहाचा, सहा मिलीचा, मूळचा. पाना लावला आणि नट फिरायच्या ऐवजी सगळा स्टडच फिरला. नट स्टडला गंजानं धरलेला आणि हेडमधले आटे सुटलेले. दोन बोटांनी ओढला तर स्टड दातासारखा अलगद हातात आला, आणि त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमची बारीक स्प्रिंग गुंडाळलेली. हेडमधला आटा सगळाच्या सगळा त्याच्याबरोबर बाहेर आला होता.

उजवा स्टड झिजला, हेड शाबूत. डावा स्टड शाबूत, हेड झिजलं. एकाच सायलेन्सरचे दोन स्टड, एकाच काळात, आणि रोग वेगवेगळे. उजवीकडचं कारण कळलं होतं. डावीकडचं कळत नव्हतं, म्हणून लेथवाल्या चाचांकडे गेलो.

चाचांचा लेथ बहादूरशेख नाक्याच्या पुढं आहे. वय सत्तरीच्या आसपास, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि कुठलीही गोष्ट हातात घेतल्याशिवाय बोलायचं नाही अशी शिस्त. मी स्टड पुढं केला, सगळी हकीकत सांगितली, इंचातल्या नटाचं गणित सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "डॉक्टर, मागचा बोल्ट हाय का?"

मी म्हटलं, "मागचा म्हणजे?"

"सायलेन्सर मागं चेसिसला जिथं धरतो तिथं. गाडी कुठाय? चला, दाखवा."

गाडी बाहेरच होती, सायलेन्सर दोरीनं बांधून ढकलत आणलेली. चाचांनी वाकून मागच्या पट्टीत बोट घातलं आणि हसायला लागले. बोल्ट नव्हताच. त्याच्या जागी बांधकामाची तार, दोन वेढे, पीळ देऊन. वरून चिखल आणि ऑइलचा थर इतका की तार आहे हे बोट घातल्याशिवाय कळलंच नसतं.

खरं कारण ते होतं. सायलेन्सर मागं पक्का असेल तर त्याचं वजन चेसिसवर पडतं आणि पुढच्या दोन स्टडना फक्त सांधा दाबून धरायचं काम उरतं. मागचा बोल्ट गेला की ती सगळी लांबलचक नळी पुढच्या दोन स्टडवर लोंबकळते, आणि रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला तरफेसारखी त्यांना हिसका देते. उजव्या बाजूला नट ढिला होता म्हणून तो आट्यांच्या टोकांवर खाली-वर घासत राहिला. डावीकडचा नट घट्ट होता, तिथं घासायला वाव नव्हता, म्हणून हिसका थेट हेडच्या ॲल्युमिनियमला बसला. त्यात मुंबई-गोवा हायवेचं काम आमच्या दारात इतकी वर्षं चाललंय की खड्ड्यांबद्दल वेगळं सांगायला नको.

"नवा स्टड घालून दिला असता," चाचा म्हणाले, "तर तुम्ही दिवाळीला परत आला असता. आणि मला शिव्या दिल्या असत्या."

मग दुरुस्ती ठरवायला बसलो. उजवा स्टड सोपा, फक्त काढून नवा घालायचा. स्टड काढायची रीत म्हणजे त्याच्यावर दोन नट चढवायचे, एकमेकांवर घट्ट आवळायचे आणि आतल्या नटाला पाना लावून उलटा फिरवायचा. पण आटे झिजलेले असले की दोन नट एकमेकांना धरत नाहीत, घसरतात. इथं चाचांनी स्टडच्या मधल्या, आटे नसलेल्या भागाला व्हाइस ग्रिप लावला. त्याआधी इंजिन दहा मिनिटं चालू ठेवून गरम केलं होतं आणि मुळाशी डिझेल सोडलं होतं.

गरम का करायचं, याचं गणित मला फार आवडतं. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. सहा मिलीचं भोक आणि त्यात सहा मिलीचा स्टड, दोन्ही शंभर अंशांनी तापवले, तर भोक जवळपास चौदा मायक्रॉन मोठं होतं आणि स्टड सात. मधे सहा-सात मायक्रॉनची मोकळीक मिळते. केसाच्या जाडीचा दहावा हिस्सा म्हणा. गंजाची पकड मोडायला तेवढं पुष्कळ होतं. स्टड कुरकुरला, थांबला, चाचांनी जरासा उलट फिरवला, परत सुलट, आणि पावडरीसारखा पांढरट गंज सांडत तो बाहेर आला. तो पांढरा गंज ॲल्युमिनियमचा. ओलाव्यात लोखंड आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटून राहिले की ॲल्युमिनियम आधी खचतं. आमच्याकडच्या पावसात हे पुराशिवायही होतं. मालवण-देवगडकडे खारी हवा असते, तिथं तर विचारूच नका.

स्टड मोडला असता तर? मोडलेल्या स्टडमध्ये भोक पाडून उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर घालतात. चाचांना ते हत्यार आवडत नाही. ते फार कडक पोलादाचं असतं, आत मोडलं की त्याच्यावर ड्रिल चालत नाही, आणि मग शंभर रुपयांचं काम हजारावर जातं. त्यांची पसंती स्टडच्या बुंध्यावर नट ठेवून आतून वेल्डिंगचा टाका मारायला. त्या उष्णतेनं गंजही सुटतो आणि नटाला पाना लावून स्टड फिरवता येतो. वेल्डिंगचा हा उपयोग मला मान्य.

डाव्या बाजूला तीन रस्ते होते. पहिला हेलिकॉइलचा. स्टेनलेस स्टीलच्या तारेची ती स्प्रिंग चांगलीच असते, नीट बसवली तर मूळ ॲल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा जास्त टिकते. पण तिच्यासाठी भोक सव्वासहाच्या आसपास मोठं करावं लागतं आणि वेगळा टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार, लागतो. स्प्लेंडरचा सिलिंडर आडवा, एक्झॉस्टचं तोंड जमिनीकडे. गाडीखाली झोपून हातातलं ड्रिल सरळ वर धरायचं म्हणजे भोक तिरकं जाणारच. नीट करायचं तर हेड उतरवा, मग टायमिंग चेन, मग गॅस्केट. एका स्टडपायी इंजिन उघडायचं.

दुसरा रस्ता आठ मिलीचा. ६.८चं ड्रिल, आठचा टॅप, जाड स्टड. बहुतेक ठिकाणी हेच करतात. धातू जास्त जातो, भोवतीची भिंत पातळ होते, आणि ड्रिल आलंच.

चाचांनी तिसरा रस्ता काढला. टॅपच्या डब्यातून त्यांनी सात बाय एकचा टॅप उचलला. सात मिली हे माप बाजारात फारसं चालत नाही, सहानंतर लोक थेट आठवर जातात, पण टॅपच्या सेटमध्ये तो असतो आणि बहुतेकांच्या डब्यात कोराच पडून राहतो. सात बाय एकच्या आट्यासाठी आधी भोक किती पाडायचं? सहा मिली. आणि सहा मिलीचे आटे पूर्ण उखडले की मागं उरणारं भोक किती? सहा मिली. म्हणजे ड्रिल लागतच नाही! आटा निघून गेल्यामुळं जे भोक उरलं तेच पुढच्या मापाचं तयार भोक. गाडी डबल स्टँडवर, सायलेन्सर बाजूला, पोर्टात, म्हणजे एक्झॉस्टच्या तोंडात, फडक्याचा बोळा, आणि टॅप हातानं वर. भोकच टॅपला सरळ नेतं.

हे काम मी जवळून पाहिलं. तीनचा सेट असतो, पहिला टॅप निमुळता, दुसरा कमी निमुळता, तिसरा जवळपास सपाट तोंडाचा. भोक आरपार नसल्यामुळं तिसरा लागतोच, नाहीतर तळाकडचे आटे अर्धवट राहतात आणि स्टड तिथं अडतो. टॅपला डिझेल लावलं. अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं. मागं फिरवताना टक्‌ असा बारीक आवाज येतो, तो कीस तुटल्याचा. तो आल्याशिवाय चाचा पुढं जात नव्हते. ॲल्युमिनियम मऊ असतं, कीस टॅपला चिकटतो आणि नव्या आट्यांना ओरबाडतो, म्हणून दर थोड्या फेऱ्यांनी टॅप बाहेर काढून ब्रशनं साफ. तोंड खाली असल्याचा इथं फायदा झाला, कीस आपोआप खाली पडत होता. ड्रिलला गैरसोयीची जागा टॅपला सोयीची ठरली.

मग स्टड. बाजारात सात-सहाचा पायरीचा स्टड मिळणार नव्हता, तो चाचांनी इएन-८ जातीच्या पोलादी गजातून लेथवर काढला. आत जाणारी बाजू सात मिली, बारा मिली लांब. ॲल्युमिनियममध्ये स्टड व्यासाच्या दीडपट ते दुप्पट आत जायला हवा, लोखंडात एकपट चालतो. बाहेरची बाजू सहा मिली, म्हणजे फ्लँज तीच, नट तेच. सात संपून सहा सुरू होतात तिथं त्यांनी काटकोन न ठेवता जराशी गोलाई दिली. काटकोनी कोपऱ्यात तडा सुरू होतो, असं ते म्हणाले आणि बोटानं ती जागा दाखवली. डोळ्यांना दिसत नव्हती, नखाला लागत होती.

स्टड हेडमध्ये बसवताना जोर लावायचा नाही. तळाला टेकेपर्यंत हातानं, मग जरासा मागं. आवळायचा असतो तो नट. स्टड तळाला ठोकून आवळला तर नवे आटे तिथंच ताणले जातात. आटे दोन्ही बाजूंना कॉपर ग्रीसनं माखले, पुढच्या वेळी ज्याला काढावा लागेल त्याच्या सोयीसाठी.

सायलेन्सर चढवायचा क्रम महत्त्वाचा आहे. जुनी गॅस्केट पोर्टात चिकटून राहिलेली असते, ती खरवडून काढायची, नवी घालायची. फ्लँजचे दोन्ही नट हातानं लावायचे. मागचा बोल्टही हातानं लावायचा. मगच पुढचे नट आळीपाळीनं, इकडं अर्धा फेरा, तिकडं अर्धा फेरा, फ्लँज दोन्हीकडं सारख्या अंतरावर राहील असे. आणि सगळ्यात शेवटी मागचा बोल्ट. आधी मागचा आवळला तर पाईप ताणात बसतो आणि तो ताण स्टडवर जातो. बऱ्याच ठिकाणी उलटं करतात, कारण मागचा बोल्ट हाताशी असतो आणि पुढच्या नटांसाठी वाकावं लागतं.

किती आवळायचा? सहा मिलीच्या नटाला साधारण दहा न्यूटन-मीटर, म्हणजे सुमारे एक किलोग्रॅम-मीटर. वीतभर पान्याच्या टोकाला पाच किलोचा जोर. ग्रीस लावलेलं असेल तर त्याहून कमी. हातभर लांब रॅचेट घेऊन अंगाचा भार टाकणाऱ्याला माझी गाडी मी देत नाही. नट पितळी घातले. पितळ स्टडला गंजून धरत नाही, आणि कधी वेळ आलीच तर आधी नटाचे आटे जातील, स्टड वाचेल.

मागच्या पट्टीत आता आठ मिलीचा बोल्ट आहे, वायसर आणि स्प्रिंग वायसरसकट. चाचांनी टॅप आणि स्टडचे मिळून अडीचशे घेतले, बोल्टचे वेगळे घेतले नाहीत. गाडी दोन-तीनदा नीट तापून थंड झाल्यावर नट एकदा तपासायचे असतात, कारण नवी गॅस्केट दबते. तपासले, पाव फेरा गेले. तेव्हापासून हललेले नाहीत. तो पाव इंची नट चाचांनी ठेवून घेतला, त्यांच्याकडे येणाऱ्या एका बुलेटला लागणार होता.